जपानी, जर्मन, स्पॅनिश आणि त्रिचीच्या विहीणबाई

*ताई, नमस्कार.*

*मी ५६ वर्षांची. राहायला मुलुंड पूर्वेला, नोकरी फोर्टमध्ये एका विमा कंपनीत. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. मिस्टर आधीच निवृत्त झालेत आणि त्यांनी स्वतःला टीव्हीला वाहून घेतलंय. माझं तसं होऊ नये म्हणून आत्तापासूनच एखादी नवी भाषा शिकायला घ्यावी असं डोक्यात आहे. पण कुठली, तेच ठरत नाही. ऑफिसातल्या मुली म्हणतात जपानी करा, हल्ली जपानीला फार स्कोप आहे. धाकट्या जावेचा मुलगा जर्मनीत असतो, ती म्हणते जर्मन. मी स्वतः मोबाइलवरच्या ॲपवर स्पॅनिश सुरू केलं, कारण सोपं म्हणतात. रोज न चुकता करते, पण तोंडातून वाक्य निघत नाही. जपानीच्या एका वर्गात जागा धरून ठेवली आहे. फी येत्या सोमवारपर्यंत भरायची आहे आणि रक्कम थोडीथोडकी नाही.*

*दुसरी अडचण अशी, की नोव्हेंबरपासून घरात अभ्यासाला शांतता मिळणार नाही. सुनेचं बाळंतपण आहे. ती मूळची त्रिचीची. माहेर लांब, नोकरी इथली, डॉक्टरही इथले, त्यामुळे तिची आई चार महिने आमच्याकडेच येऊन राहणार आहे. बाई स्वभावाने फार चांगल्या, पण त्यांना तमिळशिवाय काही येत नाही आणि मला तमिळ येत नाही. लग्नात आम्ही दोघी तीन दिवस एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होतो. असो. तर या वयात भाषा येते का, आणि कुठली घ्यावी, ते सांगा.*

*– एक वाचक, मुलुंड*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात भाषा चार आहेत. तीन तुम्ही मोजल्यात. चौथीला अडचणीच्या खात्यात टाकलंत आणि वर ‘असो’ म्हणून मोकळ्या झालात. मी त्या ‘असो’पाशीच अडले. तेव्हा उत्तर आधी सांगते, कारणं मागून: सोमवारी फी भरू नका. तमिळ घ्या.

विहिणी-विहिणींचं गूळपीठ जमावं म्हणून मी हे सांगतेय असं समजू नका. भाषा न येताही माणसांचं पटतं, आणि एकच भाषा बोलणाऱ्या विहिणींचं काय होतं ते आपण प्रत्येक लग्नात बघतोच. माझं कारण रोकडं आहे. मोठेपणी हौसेने घेतलेली भाषा अवघड म्हणून सहसा सुटत नाही, बोलायला कोणी नसतं म्हणून सुटते. तुमच्या स्पॅनिशचं तेच झालंय. आणि इथे तर चार महिने, सकाळच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत, एक बाई तुमच्या स्वयंपाकघरात वावरणार आहे, जिच्याशी तमिळखेरीज दुसऱ्या कुठल्याही भाषेत बोलायची सोयच नाही. जपानी शिकणारे लोक असं माणूस तासाभरासाठी मिळावं म्हणून पैसे मोजतात.

आता तो ‘स्कोप’. दहावीच्या निकालाला हा शब्द आपल्या मागे लागतो तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. चोवीस वर्षांच्या नर्सने मला हाच प्रश्न विचारला असता, तर मी डोळे झाकून जर्मन सांगितलं असतं. वर बजावलं असतं की ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पायऱ्यांवर थांबू नकोस, तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-टूपर्यंत जावं लागतं. आयटीतल्या पोराला जपानी सांगितलं असतं. त्यालाही म्हटलं असतं की एन-फाइव्ह या सगळ्यात खालच्या पायरीच्या प्रमाणपत्राने काही हलत नाही, त्याच्या पुढच्या दोन-तीन पायऱ्या चढल्यावरच कोणी विचारतं. तुम्हाला ना नोकरी बदलायची, ना बढती हवी. तुमच्यापुरता स्कोप म्हणजे एवढंच, की परवा संध्याकाळी ही भाषा बोलायला समोर कोण असेल?

जपानीचं म्हणाल तर सुरुवात फार गोड असते. वाक्यात क्रियापद शेवटी, आणि आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे छोटे शब्द नामाच्या मागे लागतात, त्यामुळे मराठी माणसाला पहिले काही महिने आपण हुशारच आहोत असं वाटत राहतं. हिरागाना आणि काताकाना, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, तीही बसतात. मग कांजी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेली चित्राक्षरं, येतात. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत त्या २,१३६ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचे उच्चार एकाहून जास्त. एन-फाइव्हला शंभराच्या आसपास पुरतात, पण शंभर कांजींवर पेपर वाचता येत नाही. आणि ज्या जेएलपीटी परीक्षेच्या जोरावर सगळे वर्ग चालतात, तिच्यात बोलण्याची परीक्षाच नसते. वाचा, ऐका, पर्यायावर खूण करा. पास होऊनही जपानी पाहुणा समोर आला की घाम फुटणारी मंडळी मुंबई-पुण्यात कमी नाहीत. तुमची तक्रारच मुळी ‘तोंडातून वाक्य निघत नाही’ ही आहे. ती या वाटेने दूर होईल अशी हमी मी देणार नाही.

जर्मनला माझा विरोध नाही. काळा घोड्याचं मॅक्सम्युलर भवन तुमच्या ऑफिसपासून चालत जाण्यासारखं आहे, शिकवतातही शिस्तीत, आणि तो-ती-ते ची सवय असलेल्या आपल्याला जर्मनच्या तीन लिंगांचं इंग्रजी माणसाइतकं दडपण येत नाही. पण हे कारण जावेचं आहे, तुमचं नाही. तिचा मुलगा सुट्टीवर आला की तुमच्याशी मराठीतच बोलणार.

स्पॅनिशचं ॲप चालू ठेवायचं तर ठेवा, त्याने वाईट होत नाही. शब्द वाढतात, कान तयार होतो. फक्त ते चार पर्यायांतून बरोबर कुठलं हे ओळखायला शिकवतं, आणि समोरच्या माणसाने प्रश्न टाकला की पर्याय कोणी देत नाही. तुम्ही ते हल्ली दिवसांची साखळी तुटू नये म्हणून करता, असा मला दाट संशय आहे.

या वयात येते का? येते. लहानपणी कानावर न पडलेले बारीक ध्वनी आता नीट पकडता येत नाहीत, बोलण्यात मराठी हेल राहतो, हे खरं. तो राहू द्या. पण सुरुवातीच्या टप्प्यात मोठी माणसं पोरांपेक्षा भराभर पुढे जातात, असंच यावर काम करणाऱ्या अभ्यासकांना दिसलेलं आहे. कर्ता-कर्म म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं, वही घालता येते, अडलं तर विचारता येतं. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते. त्यांना तिथे जावं लागलं. तुमच्याकडे शांतिनिकेतन स्वतःची बॅग घेऊन मुलुंडला उतरतंय.

तमिळ कठीण आहे, हे तुम्हाला सगळे सांगतील. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परभाषा शिकवतं, आणि कुठल्या भाषेला किती तास लागतात याचा ठोकताळा त्यांनी अनुभवाने बसवलाय. स्पॅनिशला ६०० ते ७५०, तमिळला १,१००, जपानीला २,२००. पण हे तास इंग्रजी बोलत वाढलेल्या माणसाचे आहेत. मराठी बाईला तमिळची वाट त्यांच्याइतकी चढणीची नाही. ‘मला पाणी पाहिजे’ हे तमिळमध्ये ‘एनक्कु तण्णि वेणुम्’. ‘मला पाणी नको’ झालं ‘एनक्कु तण्णि वेण्डाम्’. शब्दाखाली शब्द ठेवून बघा, एकही जागा बदलत नाही. आपलं ‘नको’ हिंदीवाल्यांना ‘नहीं चाहिए’ असं दोन शब्दांत फोडावं लागतं, तमिळमध्ये ते आपल्यासारखंच एका शब्दात. समोरच्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, तमिळमध्ये आहे: ‘नाम’ आणि ‘नांग’. ‘ये’ आणि ‘या’ तसं ‘वा’ आणि ‘वांग’, ‘बस’ आणि ‘बसा’ तसं ‘उक्कारु’ आणि ‘उक्कारुंग’. म्हणजे विहिणीला अहो-जाहो कसं करायचं याचा नियम पहिल्याच दिवशी हातात येतो. ळ तर आपल्या घरचाच. आणि एक सूट अशी मिळते की आपण ऐकून थक्क व्हावं: वस्तूंना लिंग नाही. टेबल, खुर्ची, भिंत, दार, सगळं नपुंसकलिंगी. तो खांब, ती खिडकी, ते कपाट हे कशावरून, असं विहीणबाईंनी तुम्हाला विचारलं तर काय सांगणार आहात? त्यांना मराठी शिकणं तुमच्या तमिळपेक्षा जड जाईल.

छळ होणार तो क्रियापदांच्या भूतकाळात. तिथे प्रत्येक क्रियापदाची तऱ्हा वेगळी, पाठ करण्याला पर्याय नाही. ‘तमिळ’ या शब्दाच्याच शेवटी जो खास ‘ळ’ आहे, जिभेचं टोक मागे वळवून पण कुठे न टेकवता काढायचा, तो तुम्हाला जमणार नाही. खुशाल साधा ळ म्हणा. तमिळनाडूतच कितीतरी लोक तसं म्हणतात.

खरा घोटाळा निराळाच आहे आणि पुस्तक घेऊन एकट्याने बसणारे हमखास त्यात सापडतात. लिहायची तमिळ आणि बोलायची तमिळ यांत फार अंतर आहे. ‘आहे’ला पुस्तकात ‘इरुक्किरदु’, घरात ‘इरुक्कु’. आपल्याकडे पुस्तकी मराठी बोलणारा माणूस जरा शिष्ट वाटतो, इतकंच. तिकडे पुस्तकी तमिळ बोलणारा माणूस बातम्या वाचतोय असं वाटतं. तुम्ही चार महिने घासून शिकाल, विहीणबाईंना ‘बसा’ म्हणाल आणि त्या हसू दाबतील, असं व्हायला नको. म्हणून शिकवणाऱ्या बाईंना पहिल्याच फोनवर सांगायचं: मला ‘पेच्चु तमिळ’ हवी, बोलण्यातली.

लिपीचं दडपण घेऊ नका. ‘तमिळमध्ये २४७ अक्षरं’ असं ऐकाल. १२ स्वर, १८ व्यंजनं, एक वेगळं चिन्ह आणि उरलेली २१६ म्हणजे निव्वळ बाराखडी, जी आपण पहिलीत घोकलेली आहे. जोडाक्षरं जवळजवळ नाहीतच. व्यंजनावर टिंब दिलं की ते अर्धं. कटकट उलट दिशेची आहे: क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. शब्दाच्या सुरुवातीला बहुधा क, मध्ये कुठे ग, कधी ह सारखा, आणि ते तुम्ही संदर्भाने ओळखायचं. शब्द आधीपासून कानाला माहीत असेल तर हे आपोआप होतं, नसेल तर डोकं फिरतं. म्हणून माझं मत असं, की पहिला महिना अक्षराला हात लावू नका. सगळं देवनागरीत वहीत उतरवा. शुद्धतावादी रागावतील, रागावू देत. दुसऱ्या महिन्यात लिपी घ्या, आणि पुस्तक म्हणून तमिळनाडू सरकारचं पहिलीचं पाठ्यपुस्तक घ्या. ते इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतं, चित्रं भरपूर आहेत, आणि तुमच्या नातवंडालाही पुढे लागेल.

आजपासून नोव्हेंबरपर्यंत चार महिने आहेत. रोज पाऊण तास धरला तर नव्वदेक तास होतात. १,१०० कुठे आणि ९० कुठे, असं मनात येईल. नव्वद तासांत तमिळ येत नाही. नव्वद तासांत स्वयंपाकघर येतं, तब्येतीची चौकशी येते, ‘पुरियल’ म्हणजे समजलं नाही आणि ‘मेदुवा सोल्लुंग’ म्हणजे हळू सांगा, ही दोन तारणहार वाक्यं येतात. बाकीचे तास विहीणबाई भरून काढतील. मुलुंड ते सीएसएमटी बसायला मिळालं तर कानात तमिळ लावून ऐकण्याला सोन्यासारखा वेळ आहे. उभं राहावं लागलं तरी ऐकता येतंच.

शिक्षक मात्र माणूसच हवा, आठवड्यातून दोनदा, समोर बसून किंवा व्हिडिओ कॉलवर. मुंबईत हे जमण्यासारखं आहे. आपली महापालिका आठ भाषांत शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तेलुगू, कन्नड आणि तमिळ. तमिळ शाळेतल्या एखाद्या निवृत्त बाई सायन-धारावीकडे मिळतात का बघा. शिकवणीला त्यांच्यासारखं माणूस नाही, कारण मुंबईच्या पोरांना काय अडतं ते त्यांना तोंडपाठ असतं आणि त्यांचं मराठी-हिंदी चांगलं असतं. सायनला तमिळ संघ आहे, तिथे चौकशी करता येईल. माटुंग्याला फुलबाजाराच्या बाजूने एक चक्कर मारा, वेणी घेता घेता चार वाक्यं फुकट पदरात पडतात. आणि लांब कशाला, मुलुंड काय, डोंबिवली काय, तमिळ घरं ठिकठिकाणी आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर आणि तुमच्या लेडीज डब्यात एकदा विचारून तर बघा. डब्यात बारशापासून कर्जापर्यंत सगळ्याची सोय लागते, तमिळ शिक्षिकेची लागणार नाही?

सुनेला शिक्षिका करायचं नाही. हा माझा ठाम आग्रह आहे. ती पोटुशी आहे, नोकरी करतेय, आणि मुख्य म्हणजे ती सून आहे. कितीही मोकळं घर असलं तरी सून सासूची चूक तोंडावर काढत नाही, ‘छान बोलता’ म्हणते. न काढलेली चूक मग पक्की होते. तिच्याकडून एकच मदत घ्या. तिच्या आईला रोजच्या रोज लागणाऱ्या वीसेक वाक्यांचं तिच्या आवाजात रेकॉर्डिंग करून घ्या. पाणी गरम झालं, औषध घेतलं का, जरा पडा आता, बाळ झोपलंय, कुकरच्या तीन शिट्ट्या. त्रिचीच्या घरात हे जसं बोलतात तसंच तुम्हाला ऐकायला मिळेल, आणि कुठल्याही पुस्तकात ते नाही.

आता जरा नाजूक बाब. गुपचूप शिकून विहीणबाई दारात आल्या की फाडफाड तमिळ बोलून चकित करायचं, असं तुमच्या मनात येईल. तसं करू नका. परक्या शहरात, परक्या घरात त्या मायलेकींना एकच खासगी खोली असते, ती म्हणजे त्यांची भाषा. बाळंतीण आईपाशी रडते, कुरकुरते, कधी सासरच्यांबद्दलही चार शब्द बोलते, आणि तो तिचा हक्क आहे. तुम्हाला कळत नाही या समजुतीवर त्या बोलत राहिल्या आणि तुम्हाला निम्मं कळत असलं, तर गोष्ट विचित्र होऊन बसेल. एक दिवस भाजी निवडता निवडता तुमच्या चेहऱ्यावर दिसेल आणि मग चार महिन्यांचं सगळं आठवून दोघी संकोचतील. म्हणून आजच सुनेला सांगा, आणि फोनवर तिच्या आईलाही सांगू द्या, की तुम्ही तमिळ शिकताय. त्या आल्यावर त्यांचं काही खासगी चाललं असेल तेव्हा उठून बाहेरच्या खोलीत जा. मिस्टरांबरोबर टीव्ही बघा, तेवढंच त्यांनाही बरं वाटेल.

खरी तमिळ सुरू होईल ती पाचव्या-सहाव्या दिवशी, पहिल्या मतभेदाला. तुम्ही अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू घेऊन उभ्या, त्या लेहियमची (औषधी चाटणाची) बरणी आणि लसणाचं कुळंबु (आंबटसर रस्सा) घेऊन. बाळंतिणीच्या खाण्याला त्यांच्याकडे ‘पत्तियम’ म्हणतात आणि त्याचे नियम आपल्यापेक्षा कडक असतात. थोड्या वेळाने ध्यानात येईल की दोघींच्या डब्यांत माल जवळपास एकच आहे. सुंठ म्हणजे सुक्कु, ओवा म्हणजे ओमम्, लसूण म्हणजे पूण्डु, वेखंड म्हणजे वसंबु. आपण सहाणेवर गुटी उगाळतो, वेढे मोजून, तसं तमिळ आज्या ‘उरै मरुंदु’ उगाळतात, आणि हिरडा, मायफळ, जायफळ, वेखंड ही मंडळी दोन्हीकडे हजर. तेव्हा या जिनसांची नावं आधीच पाठ करून ठेवा. किराणा आणि औषधी यांची दोन पानं वहीत करा, एका बाजूला मराठी नाव, समोर तमिळ. त्या आल्या की पहिल्याच आठवड्यात दोघींनी मिळून सगळे डबे उघडायचे आणि एकेक जिन्नस हातात घेऊन नाव विचारायचं. ‘इदु एन्न?’ हे काय? एवढा एक प्रश्न दिवसभर पुरतो. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका म्हणून दोन्ही आज्यांच्या सहाणा बंद करतील, ते योग्यच आहे. निदान डॉक्टरांविरुद्ध कुरकुर करायला दोघींना एक भाषा असेल.

बाळ आलं की तुमचा फुकटचा वर्ग सुरू होतो आणि हा भाग बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. तान्ह्या मुलाशी माणसं हळू बोलतात, छोटी वाक्यं बोलतात, तेच ते पंचवीसदा बोलतात, चेहऱ्यावर हावभाव करून बोलतात. भाषा शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं? विहीणबाई बाळाला न्हाऊ घालताना तुम्ही शेजारी टॉवेल घेऊन बसायचं आणि ऐकायचं. मध्ये हिंदी घुसडायची नाही. बाळाशी त्यांनी तमिळ बोलावं, तुम्ही मराठी, आणि दोघींनी आपापल्या भाषेवर ठाम राहावं. दोन भाषांनी मूल गोंधळेल असं शेजारी म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. घरात दोन भाषा ऐकत मुलं व्यवस्थित वाढतात, मुंबईत तर कितीतरी मुलं तीन घेऊन बालवाडीत जातात.

दुपारी गप्पांना विषय हवा असेल तर त्यांच्या त्रिचीच्याच तुरुंगात साने गुरुजी तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचं ‘कुरळ’ हे प्राचीन तमिळ नीतिकाव्य त्यांनी मराठीत आणलं, हे सांगा. त्यांनी बहुधा ऐकलेलं नसेल. त्या तुम्हाला तंजावरचं सांगतील, त्रिचीपासून साठेक किलोमीटरवरचं. तिथे व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती, आणि बृहदीश्वराच्या देवळात त्या घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख १८०३ पासून आहे. बाळ प्रवासाजोगं झालं की दोघींनी मिळून बघून या. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतली कागदपत्रंही आहेत, पण ती वाचायची हौस वेगळी आणि तिचं पत्र वेगळं.

मार्चमध्ये त्या परत गेल्या की काय, असं विचाराल. तोवर व्हिडिओ कॉल रोजचा झालेला असेल, बाळ दाखवायला तर लागणारच. तेव्हाही जपानीची हौस शिल्लक असली तर जरूर करा. वर्गवाले पुढची बॅच काढतातच.

बाकी एक गोष्ट मी पत्रात शोधत होते, ती सापडली नाही. चिरंजीवांना तमिळ किती येतं? लग्न त्यांनी केलंय, सासू त्यांची येतेय, मूल त्यांचं होतंय. तुम्ही सगळ्यांचं लिहिलंत, जावेच्या मुलाचंसुद्धा, पण यांचं एक अक्षर नाही. शिक्षिका ठरली की त्यांनाही शेजारच्या खुर्चीवर बसवा, आणि दोघांची फी त्यांनाच भरू द्या.